झडती

शर्वाणी सायप्रसला गेली
सहा आठवडे, माती उकरायला.
पी.एफ.मधले दोन लाख ऐंशी हजार.
मेव्हणा म्हणाला, एवढीच हौस होती तर
आमच्या सिन्नरच्या मळ्यात
विहिरीचं काम निघालंय की.

तिकडे पहाटेचे पाच, इकडे साडेसात.
मी जेल रोडवरून दूध घेऊन परततो
तेव्हा ती फोनमध्ये उकिडवी बसलेली असते
दोऱ्यांनी आखलेल्या चौकोनात,
हातात थापी, उन्हाने सोललेलं नाक.
कडा अगदी ओळंब्यात.
"आज काय मिळालं?"
"राख," म्हणते,
आणि नंबरात आल्यासारखी हसते.

परवा एक नाणं सापडलं.
झिजून झिजून नुसती टिकली.
कुठे, किती खोल, कुणाच्या हाताला,
सगळं वहीत, मग पाकीट, पाकिटावर आकडा,
संध्याकाळी मोजदाद.
म्हटलं, अगं, हे तर आमच्या प्रेससारखंच.

बत्तीस वर्षं नाशिकरोडला नोटा मोजल्या,
कोऱ्या, अजून कुणाचा घाम न लागलेल्या.
सुटताना रोज झडती:
डबा उघडा, चपला काढा, हात वर.
घरी कधी कागदाचा कपटा आणला नाही.

रविवारी पत्रिका द्यायला
जुन्या नाशकात गेलो, काझीच्या गढीखाली.
ढासळल्या उतारातून खापऱ्या डोकावत होत्या,
पोरं त्यांचीच लगोरी रचत होती.
एक काळी, आतून तुळतुळीत.
उचलली, रुमालाने पुसली, खिशात टाकली.
रात्री कॅमेऱ्यासमोर धरली.

ती गप्प.
मग म्हणाली, बाबा, जागेवरून हलवली ना,
की ती मुकी होते.
रागावली नव्हती.
तेच जास्त लागलं.

सोमवारी पहिल्या बसने परत गेलो.
उतार तोच, शेळ्या त्याच.
बाभळीच्या डावीकडे, की खांबापाशी?
वीतभर वर, की खाली?
गुडघे टेकले, चष्मा पुसला.
लाखोंचा हिशेब कधी चुकला नाही,
आणि एक जागा सापडेना.

"आजोबा, काय हरवलं?"
काही नाही रे, ठेवायचंय.
पोराने सरळ हात पुढे केला,
"द्या इकडं, आमच्या लगोरीत एक कमी पडते."

मी मोजल्या.
सहाच होत्या.