ए

डॉरनॉकला नोव्हेंबरात साडेतीनलाच दिवा लावावा लागतो.
गेडीस सरांनी ड्रायव्हर काउंटरवर आडवा ठेवला.
"शाफ्ट बदल, कर्स्टी. हिच्यात आता जीव नाही."

दांडीला काहीच झालं नव्हतं.

गळ्याशी हॉट गन धरली.
जुना इपॉक्सी आधी वास सोडतो, मग पकड.
पिळत ओढायची, एका दमात,
दुधाचा दात काढावा तशी.
रिकाम्या भोकात ब्रश फिरवला.
ओट्यावर तपकिरी भुकटी,
अठरा वर्षं चिकटून राहिलेली.

मागच्या आठवड्यात यंत्रावर त्यांचा वेग मोजला,
तेव्हा आकड्यावर मी हात ठेवला होता.
आकडे वाचायला त्यांनीच शिकवलं मला,
आणि दर शुक्रवारी वहीवर
लाल शाईत सी.

दांड्यांनाही अक्षरं असतात.
एस म्हणजे ताठ. सरांची एस होती.
मी ए काढली,
थकल्या खांद्यांसाठी करतात ती.
टोक घासलं, दोन नळ्यांतलं कालवलं,
आणि अक्षर जमिनीकडे फिरवून बसवली,
चेंडूवर वाकलं तरी दिसू नये अशी.

सकाळी त्यांनी खिडकीपाशी
ती दोनदा हवेत फिरवली.
मग उलटी केली.
चष्मा कपाळावर सरकवून
बराच वेळ वाचत राहिले,
एकच अक्षर.

"तुला मी कधी ए दिला नव्हता, ना?"

"नाही सर."

"बरोबरच होतं ते," म्हणाले.
सुटी नाणी मोजून ठेवली, दहा पेन्स जास्त,
आणि टोपी धरून
वाऱ्यात निघाले, पहिल्या टीकडे.