बाहीची दुमड

पुस्तक जाडजूड. वाचनालयातली बाई म्हणाली,
"सहा वर्षांत कुणी हात लावला नाही याला."
मी नेलं, ते मुखपृष्ठावरच्या कोटासाठी.

माझं दुकान तुर्कूत, आउरा नदीच्या अलीकडे,
पाच पायऱ्या उतरून. खिडकीतून माणसं दिसत नाहीत,
नुसती पावलं.
नवं काही शिवत नाही मी आता. चेन बदलते, अस्तर लावते,
बारीक झालेल्यांचे कपडे आत घेते,
होऊ होऊ म्हणत न झालेल्यांचे बाहेर काढते.
हिवाळ्यात तीनलाच अंधार. मग गिऱ्हाईक नाही.
मग वाचते.

दोघे चित्रकार. आर्मास लेहतोला, ओत्सो वालकामा.
देशभर नाव झालं, पण ते पुढे,
एकाचं तर मेल्यावर.
तेव्हा पोटमाळ्यावरची एक खोली,
पाळीपाळीने झोपायला एक पलंग
आणि दोघांत मिळून एक कोट.
कोट ज्याच्या अंगावर तो त्या दिवशी बाहेर,
गोठलेल्या बंदरावर.
दुसरा पांघरूण लपेटून समोर असेल ते काढायचा,
किटली, पावाचा तुकडा, काचेवर उमटलेली बर्फाची पानं.

लेखक लिहितो, या काळात दोघांनाही
कधी विस्तार खुणावतो, कधी अंतर्मन.
अहो, म्हटलं मी पुस्तकाला,
त्या दिवशी कोट कुणाकडे होता ते बघा.

ओत्सो ताडमाड. आर्मास त्याच्या खांद्याला लागे.
म्हणजे आर्मासच्या दिवशी बाह्या आत दुमडून टाके घालायचे
आणि ओत्सोच्या दिवशी उसवायचे.
एक चिठ्ठी छापली आहे ओत्सोची, तीन ओळींची:
"टाके सैल घालत जा.
उसवता उसवता उजेड निघून जातो,
आणि इथे तो असतोच किती."

पान दोनशे अकरा.
ओत्सोचा दिवस होता. तो झोपला होता.
आर्मास कोट घालून निघून गेला,
आणि नेमकं त्या सकाळी बंदरातलं बर्फ फुटलं.
वर्षातून एकदाच फुटतं ते.
त्या चित्राने आर्मासला घर दिलं, घोडागाडी दिली, पदक दिलं.
ओत्सो वासाला गेला. कोट खुंटीवर ठेवून गेला, मार्च महिन्यात.
त्यानंतर एकोणीस वर्षं एकही पत्र नाही.
निदान लेखकाला सापडलेलं नाही.

आणि मग हे, मुखपृष्ठावरचं. म्हातारा आर्मास, स्वतःच काढलेला,
घरात, शेगडीशेजारी, अंगात तोच कोट.
बाह्या पार बोटांवर आलेल्या.
लेखक म्हणतो, हात लपवणारा कलावंत, अपराधाची भावना.
असेल. तो शिकलेला माणूस आहे.
मी भिंग घेतलं.
मनगटाच्या जरा वर एक फिकट रेघ,
आणि रेघेवर ठिपके, सुईची जुनी भोकं.
दुमड होती ती. उसवली आहे.
त्याच्याकडे पैसा होता, शिंपी होते,
बाही कापून बेतात करायला अर्धा तास पुरे.
केली नाही.
आज तुझा दिवस, असं म्हणायची
ती एक रीत असावी त्यांच्यात.

पुस्तकाची मुदत काल संपली.

राइली त्या दुसऱ्या मशीनवर बसायची, खिडकीकडच्या.
भांडण कशावरून, ते सांगण्यासारखं नाही.
अकरा वर्षं झाली. ती नदीपलीकडे राहते,
म्हणजे पुलावरून चौदा मिनिटं.
तिची कात्री राहिली माझ्याकडे.
राइली डावखुरी, कात्रीही तशीच.
माझ्या हातात ती कापड चावते.

आज धारवाला पेंत्ती आला होता.
सगळ्या कात्र्या झाल्या, मग ही उचलली,
अंगठ्याच्या नखावर पातं फिरवून बघितलं.
"हिची धार गेलेलीच नाही, हिल्क्का.
गेल्या वर्षी लावली तशीच आहे."

तरी लाव, म्हटलं.
पैसे पूर्ण घे.