अक्षरामागे बारा

उद्यमबागेत मी पाट्या रंगवतो.
अक्षरामागे बारा रुपये, जोडाक्षराला पंधरा,
टिंबं फुकट.
त्यामुळं 'सुपरिंटेंडेंट' लिहिताना माझं नुकसानच,
तीन टिंबं जातात एका साहेबाला.
'बॉस' मात्र कुणी लिहून घेत नाही.
तो शब्द पाठीमागंच बोलायचा,
टपरीवर, चहा फुंकत,
मराठीत तसाच, कन्नडात तसाच.

पहिली पाटी केली तेव्हा दहावी नापास होतो.
फौंड्रीच्या काचेवर 'ओव्हरसियर'.
विचारलं, वरनं काय बघतोय ह्यो?
मोल्डिंगचा भरमा म्हणाला, घड्याळ बघतंय की ओ.
पुढं तोच शब्द मीच टर्पेंटाइननं पुसला,
'शिफ्ट इनचार्ज' लिहिला.
माणूस तोच, डबा तोच,
खुर्चीला तेवढे हात आले.

वर कन्नड मोठं, खाली आपलं बारीक,
मापाचं पत्रक खिशातच असतं माझ्या.
पाट्यांवरनं ह्या गावात काय काय झालं ते ठाऊक आहे,
एकदा काळा रंग माझ्याच डब्यातला होता,
कुणी नेला ते सांगणार नाही.
पण 'इनचार्ज'ला कधी कुणी फासला नाही.
दोन लिप्यांत ते एकच तोंड करून बसतं,
कुणाच्याच घरचं नसल्यासारखं.

गेल्या महिन्यात कोअर शॉपची पाटी आली.
मल्लव्वा हुद्दार.
एकवीस वर्षं वाळूत हात,
हुद्दा आडनावात होता, कागदावर आत्ता आला:
फोरमन.
मी म्हटलं, साहेब, बाई आहे.
साहेब म्हणाले, कंपनीत शब्द तोच आहे, लिही.

'फोर' लिहून झालं, ब्रश परत बुडवला.
ती मागं येऊन उभी,
भुवयांवर वाळू, हातात अर्धा कोअर.
"मन कशाला लिहितोस रे," म्हणाली,
"मन मी घरात ठेवून येतंय.
आमच्या कन्नडात तर मनी म्हणजे घरच की."
आणि अशी हसली
की ओव्हनजवळच्या पोरी वळून बघायला लागल्या.
"अक्का, वाळू संपली!" आतनं कुणीतरी ओरडलं,
कुठल्या भाषेत, कळलं नाही.
ती गेली.

अक्का. एक साधं, एक जोडाक्षर.
सत्तावीस रुपये.
ब्रश तसाच हातात धरून
मी हिशेब केला.

मग लिहिलं सांगितल्याप्रमाणंच.
बिलात फक्त
'मन'चे पैसे लावले नाहीत.
अकौंटंटनं बोट ठेवून दोनदा अक्षरं मोजली,
चष्म्यावरनं बघितलं,
आणि सही केली.