पुरे

बावीस डिसेंबरला पहाटे ते आले,
नऊ जण, सोळा बॅगा
आणि प्रवासात मान मोडलेली एक गिटार.
फाटकाशी शिरसाट चौकीदार
शेकोटीत सायकलचा जुना टायर घालून बसलेला.
म्हणाला, "बाई, काऊन अर्ध्या बाह्यांचे सदरे घालून आले हे?
यांच्या गावाले त बरफ पडून राह्यलं म्हनते."
नागपूर आठ अंशांवर होतं,
म्हणजे त्यांच्या लेखी उन्हाळाच.

पहिला दिवस बादलीत गेला.
रॉडनं तापवलेलं पाणी, तांबडा मग.
एकाला वाटलं, बादलीत उभं राहायचं असतं.
मी खुणा करून शिकवलं: आधी विसण, मग पाय, मग डोकं.
विसणाला इंग्रजीत काय म्हणतात
हे आमच्या दुभाष्या अनुग्रहलाही सांगता आलं नाही.
बी.कॉम. झालाय तो.

साडेसहाला प्रार्थना, सातला पोहे,
तर्री वेगळ्या पातेल्यात, त्यांच्यापासून लांब.
मग भिंत.
वसतिगृहाची मागची, नळाकडची.
गेल्या नाताळात कोरियाच्या लोकांनी ती निळी केली होती,
त्याआधी डेन्मार्कच्यांनी पिवळी.
खालून ओल चढते, उन्हाळ्यात पोपडे सुटतात,
डिसेंबर येईपर्यंत भिंत पुन्हा सेवेला तयार.
यांनी पोपटी आणला.
सुट्टीत घरी न गेलेल्या सहा पोरी
गॅलरीतून बघत बसायच्या.
धाकटी रिबका म्हणाली, मले निळाच आवडत होता.
अनुग्रहनं याचं भाषांतर केलं नाही.

रात्री त्यांच्यातले पांढऱ्या भुवयांचे काका
अगदी मायेनं विचारते झाले,
तुम्हाला प्रभू कधी भेटला?
मी म्हटलं, मला कुठला भेटणार,
छप्पनच्या दुष्काळात माझ्या पणजीला भेटला,
एका हातात भाकर, एका हातात पाटी.
तेव्हापासून घरातच आहे.
काकांनी डोळे मिटून "हालेलुया" म्हटलं
आणि मला एक नवंकोरं बायबल दिलं.
हिंदीत.
ते मी बाबांच्या बायबलाजवळ ठेवलं,
ज्याच्या स्तोत्रसंहितेत अजून धोब्याचा हिशेब आहे.

चोवीसला पोरं हट्टानं सावजी खायला गेली.
रात्रीच्या उपासनेला आठच उरले.
मॅरेन नावाची, एकोणीस वर्षांची, पिवळ्या पापण्यांची,
माझ्या खोलीसमोरच्या बाकावर
पोट धरून बसलेली.
चर्चमधून गाणं येत होतं, सूर तोच, शब्द आमचे,
तिला सूर कळत होता म्हणून जास्त रडत होती.
मी तांदळाची पेज केली, मीठ, थोडं जिरं.
तिनं फोनवर मला तिची आई दाखवली,
आईनं झाड दाखवलं, झाडाखालचा कुत्रा दाखवला,
मी पेजेचं पातेलं दाखवलं.
दोघी बायका बराच वेळ नुसत्या माना हलवत राहिलो.
दुसरी वाटी ओतू लागले तर तिनं तळवा आडवा धरला.
मी म्हटलं, "पुरे?"
ती म्हणाली, "पुरे."

मग काय, तिला तेवढाच एक शब्द आला.
चहा मिळाला की पुरे, फाटक उघडलं की पुरे,
शिरसाटला सकाळी हात करून पुरे.
तो म्हणायचा, "पुरे, बाई, पुरे,"
आणि मफलरमध्ये हसायचा.
मी सुधारायला हवं होतं.

दोन तारखेला टॅक्सी आली.
भिंतीचा वरचा हात राहिला होता, रंग कमी पडला,
शिडीच्या उंचीएवढी निळी पट्टी तशीच.
रिबका खूश.
मॅरेननं मला इतकं घट्ट धरलं
की माझा चष्मा तिच्या केसांत अडकला,
आणि कानाशी म्हणाली,
पुरे, मावशी, पुरे.

दुपारी मी चादरी भिजवल्या, नऊ.
एका उशीखाली संत्र्याची सालं निघाली, वाळलेली,
नीट एकात एक बसवून ठेवलेली.
कशाला ठेवली असतील, देव जाणे.
फेकायला गेले, आणि
पाणी आलं म्हणून नळ सोडायला धावले.