बंदर बंद

शुक्रवार, आणि आज पुन्हा बंदर बंद.
सामुद्रधुनीपलीकडून एकही बोट सुटणार नाही,
म्हणजे एलेउतेरिओ बार्रिया येणार नाही,
म्हणजे तेविसावा दिवस कोरा.

पुंता आरेनासच्या नाक्यांवर आम्ही दोर बांधतो,
माणसांनी धरून रस्ता ओलांडावा म्हणून.
एवढ्याला आम्ही वाराच म्हणतो, वादळ नाही.
पण त्याच्या जिभेच्या मुळाशी जे वाढतंय
त्याला हवामान खात्याशी देणंघेणं नाही.
सुट्टी मिळाली की ते कामाला लागतं.

मी कापत नाही. शिवत नाही.
माझं काम रेघा मारायचं.
तीन-तीन मिलिमीटरच्या चकत्या, एकशे बारा,
प्रत्येकीवर लाल रेघ, इथपर्यंत जाळायचं,
आणि निळी, इथे कवडसाही पडू द्यायचा नाही.

पहिल्या दिवशी विचारलं होतं,
काय राखून ठेवू?
बाकीचे म्हणतात आवाज, चव.
तो म्हणाला, शिट्टी.
दोन कुत्री, अठराशे मेंढ्या,
हाक मारली तर ती वाराच पळवतो, डॉक्टर.
तोंडाला कोरड पडली की कसली शिट्टी?

त्या रात्री उजव्या कानाखालची लाळेची ग्रंथी
मी चार वेळा पुसून पुन्हा रेखली.
किरणांच्या वाटा कुंपणाच्या कडेकडेनं नेल्या.
आमचा भौतिकशास्त्रज्ञ ओयार्सो वैतागला,
दोन मिलिमीटरसाठी एवढं?
दोन मिलिमीटरसाठीच.

छातीवर सुईच्या टोकाएवढं गोंदण केलं तेव्हा
एलेउतेरिओ हसला होता.
आम्ही मेंढीच्या कानाला खाच पाडतो,
आता मी कुणाच्या कळपातला?
मग जाळीचा ऊन मुखवटा तोंडावर दाबून बसवला.
थंड झाल्यावर तो त्याचाच चेहरा झाला,
जरा जास्तच शांत.

जाड दार सरकतं तेव्हा सगळे बाहेर.
बायको, परिचारिका, मी.
माझ्या औषधापाशी रुग्णाजवळ कुणी थांबायचं नसतं.
एकोणीस वर्षं झाली,
अजून त्या दाराकडे पाठ करवत नाही.

आता कागद घेऊन बसलेय.
उद्याही वारा नव्वदचा सांगितलाय.
बुडालेला दिवस भरून काढायचा तर सोमवारी दोनदा,
मध्ये सहा तास सोडून;
धडक्या पेशींना टाके घालून घ्यायला तेवढे लागतात.
सहा तास हा माणूस बसेल कुठे?
घास घशाखाली उतरत नाही.
माझी बहीण मागच्याच गल्लीत राहते,
भोपळ्याचं पातळ सूप बरं करते.
हे कुठल्या सूत्रात मांडायचं, ठाऊक नाही.

सोमवारी पहिल्या बोटीनं तो आला,
आणखी दोन किलो उतरलेला.
गाडीच्या मागच्या सीटवर तिसोन, काळा कुत्रा.
पार्किंगमध्ये एलेउतेरिओनं ओठ मुडपले, फुंकलं.
शिट्टी नाही. नुसती हवा,
ती इथे तशीही फुकट.

तिसोननं मात्र मान वर केली.

मी घड्याळ पाहिलं. आठ वाजून दहा.
पुढची वेळ दोन वाजून दहा.