चिकटपट्टी

काटा असावा की नसावा
यावर आम्ही गॉटेनबर्गमध्ये तीन मंगळवार घालवले.
ठरलं, असावा.
मग मी काटा काढला, तांबूस, बारीक,
टोकाशी जरा थकलेला.
त्याला वजन नव्हतं, म्हणून वजनाचं सोंग शिकवलं:
वेग वाढला की किंचित मागे राहायचं,
मग पुढे जायचं, चुकलं म्हणून परत यायचं.
त्या चुकण्यावर माझा अख्खा आठवडा गेला.

सात आणि एक यांत घोटाळा नको
म्हणून साताच्या कमरेला आडवी रेघ दिली.
हीटरची खुंटी काढून टाकली.
ती काचेखाली गेली, तिसऱ्या पानावर,
नारिंगी ठिपका होऊन.
स्टेलान म्हणाला, आता कसं स्वच्छ वाटतंय.

फेब्रुवारीत मला वर पाठवलं, आर्येप्लूगला.
तिथे तळं गोठलं की त्यावर रस्ते आखतात
आणि अजून बाजारात न आलेल्या गाड्या
अंगावर काळी-पांढरी नक्षी चढवून
रात्रभर घसरून बघतात.

आमची गाडी गुनवोर चालवायची.
वय एकसष्ट. आधी शाळेची बस, त्याआधी लाकडाचा ट्रक.
मी दार उघडलं आणि बघत राहिले.
माझ्या पडद्यावर काळी चिकटपट्टी,
वायरमन वापरतात तसली.
चार ओळी, एकीखाली एक, कडा नखानं दाबलेल्या.
काटा गेला होता. नकाशा गेला होता.
उरला होता फक्त वेगाचा आकडा,
दाराच्या फटीतून बघणाऱ्या पोरासारखा.

"राग आला?"
"नाही," म्हटलं. आला होता.

तळ्याच्या मध्यावर तिनं
काही न बोलता पट्ट्या सोलल्या.
माझा पडदा उजळला, सुंदर, खरंच सुंदर,
आणि समोरचं तळं नाहीसं झालं.
पुढच्या काचेत माझाच काटा तरंगत होता.
त्याच्यामागे काहीही असू शकलं असतं.

तिनं पट्ट्या परत लावल्या.
"थांब," म्हणाली, "काळोख डोळ्यांत मुरू दे."
आधी काठ आला.
मग बर्चची झाडं, एकेक.
मग त्यांतली चार झाडं चालायला लागली.
रेनडिअर.
तिनं ब्रेक दाबला नाही, पाय फक्त उचलला.

माझे दात वाजत होते.
हीटर, मी म्हटलं, तिसऱ्या पानावर आहे.
तिनं हातमोजा दातांनी ओढून काढला,
पट्टीची एक कड उचलली, ठिपक्यावर बोट ठेवलं.
काचेला ते बोट ओळखू आलं नाही.
बाहेर उणे एकतीस.
"रागनारच्या जुन्या गाडीत खुंटी होती," ती म्हणाली.
"गाडी भंगारात गेली, रागनारही गेला.
खुंटी इथे आहे."
आणि अंगठा नि तर्जनी हवेत फिरवून
जिभेनं आवाज काढला: टक, टक, टक.
"तीनवर पाय शेकतात."

परत येऊन मी अकरा पानांचा अहवाल लिहिला.
स्टेलाननं विचारलं, चिकटपट्टी डिझाइन कशी करायची?
खुंटी मिळाली नाही. गाडीमागे इतके क्रोना परवडत नाहीत.
मिळाला तो रात्रीचा पडदा, नुसता आकडा, बाकी काळं.
तो मेनूत आहे. दुसऱ्या पानावर.
तिला कळवलं, तेव्हा उत्तर आलं:
पट्टी स्वस्त आहे.

निघताना तिनं उरलेलं रीळ माझ्या खिशात घातलं होतं.
त्यातला एक तुकडा मी ओव्हनच्या घड्याळावर लावला,
एक राउटरच्या हिरव्या दिव्यावर.
रात्री पाणी प्यायला उठते तेव्हा
स्वयंपाकघर आधी नसतंच.
मी उभी राहते.
मग टेबलाची कड येते, मग नळ,
मग खिडकीपलीकडे बंदराची एक क्रेन,
बहुतेक हलणारी.