कुणावर गेला

ट्रॉम्बे कोळीवाड्यात, मच्छीमार सोसायटीच्या हॉलमध्ये
आम्ही टेबलं मांडली तेव्हा
बाहेर जवळा वाळत होता, आणि भोंग्यावर कुणीतरी सांगत होतं,
रक्त देताना घाबरू नका, चहा-बिस्कीट आहे.

माझा अभ्यास साखरेचा.
एकाच आळीत, एकाच टोपातलं जेवून
एकाचा पाय कापावा लागतो
आणि त्याचा सख्खा भाऊ सत्तरीत होडी ओढतो,
हे कुठल्या अक्षरामुळे, आणि अक्षरामुळे किती,
एवढाच प्रश्न.
अकरा वर्षं झाली.

सुई आधी दिसली की पोरं पळतात,
म्हणून मी आधी कागदाच्या पट्ट्या वाटते.
जिभेवर ठेवा. काय लागतं?
काहींना नुसता कागद.
बाकीचे मोरीकडे धावतात.
मग मी म्हण काढते, कडू कारलं,
तुपात तळलं, साखरेत घोळलं,
आणि म्हण चुकलीय असं सांगते,
जरा आगाऊपणानेच.
कारल्यात कडूपणा अर्धाच. उरलेला आपल्या जिभेत.
सातव्या गुणसूत्रावर तीन जागी
निराळी अक्षरं पडली
की त्याच कारल्याचा दुधी होतो.

नरेंद्र तांडेल: कागद.
त्याची बायको करुणा: कागद.
दोघं हसले. म्हणूनच आमचं जमतं, तो म्हणाला.
त्याची आई धनवंती: कागदच हाय, बाय.
मग साईश, वय सात,
जीभ बाहेर, डोळे गच्च मिटलेले,
कडू! कडू! कडू!

पंखा फिरत राहिला.
माझं पेन थांबलं नव्हतं,
पण थांबल्यासारखं दिसलं असावं.
दोन मुक्या प्रतींच्या पोटी बोलकी प्रत
सहसा येत नाही.
सहसा. या एका शब्दावर
माझी नोकरी चालते.

करुणा पिशवीचा बंद पुन्हा बांधू लागली.
कुणावर गेलं रे हे पोरगं?
नरेंद्रने हसतच विचारलं.
हा प्रश्न आपल्याकडे हसतच विचारतात.

म्हातारीने माझ्या बाटलीतून
न विचारता दुसरी पट्टी काढली.
जिभेवर ठेवली.
चेहऱ्यावरची एक सुरकुती हलली नाही.
अगो बाय, कडू हाय की.
मगाशी तोंडात पान व्हतं.
माज्यावर गेलाय.

आणि माझ्याकडे पाहिलं,
भाव ठरल्यावर गिऱ्हाइकाकडे बघतात तसं.
मी लिहिलं:
धनवंती तांडेल, ६८, कडू.

दोन महिन्यांनी परळच्या प्रयोगशाळेत
उणे ऐंशीतल्या नळ्या बाहेर निघाल्या, अक्षरं आली.
तिच्या दोन्ही प्रती मुक्या.
पट्टी तिला कागदच लागली होती,
दोन्ही वेळा.

माझा विद्यार्थी हुशार आहे, दुर्दैवाने.
जीभ आणि जनुक जुळत नाही म्हणाला,
आणि मॅडम, ते मूल तर—
तोंडात पान होतं, मी म्हटलं. चवीच्या तक्त्यातून वगळ.
आजीला?
चौघांना.
तळटीप त्यानेच लिहिली, सरळ अक्षरात:
नोंदीतील त्रुटीमुळे एक कुटुंब वगळले.
त्रुटी कुणाची, ते संपादकांनीही विचारलं नाही.

साखरेचे कागद द्यायला मी स्वतः गेले.
नरेंद्रची वाढलेली. गोड कमी करा, चाला,
अक्षरं काही सगळं ठरवत नाहीत,
असं बरंच बोलले, नेहमीपेक्षा जास्त.
धनवंती जेवत होती. साईश शेजारी, तोंड वाकडं करून.

हा कारलं नाही खात? मी विचारलं.
शिवत पन नाय, ती म्हणाली. माज्यावर गेलाय ना.
आणि कारल्याची भाजी
स्वतःच्या ताटात दुसऱ्यांदा वाढून घेतली.